फाटकावरची पेटी

४ नोव्हेंबर, मंगळवार

पेटी बसली एकदाची! फाटकाच्या खांबावर, डोक्याएवढ्या उंचीवर. करड्या रंगाची, वर एक बटण, खाली जाळी. तारबीर काही नाही. बाहेरच्यानं बटण दाबून बोलायचं, आवाज थेट आमच्या हातातल्या संचात. एक संच माझ्याकडं वरच्या मजल्यावर, एक प्रीती मॅडमकडं खाली ऑफिसात. त्या इथल्या अधीक्षिका. मी काळजीवाहक — म्हणजे सगळंच.

दिवाळीच्या आधी घंटी वाजली म्हणून मी फाटकाशी गेल्ते. कडी काढली आणि त्या माणसानं मला ढकलूनच दिलं. बायको आत आहे म्हणून आल्ता. मनगट अजून दुखतं, भाकर थापताना जास्त. तेव्हापासून मॅडम या पेटीच्या मागं लागल्या होत्या. बायकांची संस्था, गावाबाहेर, हसनाबाद रोडला. मोबाइलला रेंज असली तर असली.

बसवायला जालन्याहून राधेश्यामभाऊ आल्ते. सावकाश बोलणारा माणूस. संच तोंडापासून वीतभर लांब धरायचा. बोलायची कळ दाबायची, एक श्वास थांबायचं, मंग बोलायचं, न्हाई तर पहिला शब्द जातो. बोलून झालं की सोडून द्यायची. "दाबून धरली का तुम्ही बहिऱ्या, ताई! समोरचा कितीबी ओरडू द्या, ऐकू येणार न्हाई." दुसरी कळ फाटकाच्या कुलपाची. ती दाबायच्या आधी गच्चीच्या कोपऱ्यावरून बघायचं. "चेहरा बघा. अन् चेहऱ्याच्या मागं कोण उभंय तेबी बघा."

मॅडमनी कुलपाच्या कळीला लाल नेलपॉलिश लावलं. चुकून दाबली जाऊ नये म्हणून.

जाताना ते अजून काहीतरी सांगत होते — तारेतलं बोलणं न्हाई, हवेतलं हाय, असं काही. तेवढ्यात दूध उतू गेलं, मी पळाले.

५ नोव्हेंबर

दिवसभर सराव. स्वयंपाकघरातल्या द्वारकाबाईला फाटकात उभं केलं. मी दाबायच्या आधीच बोलते, तिला नुसतं "...बाई" एवढंच ऐकू जातं. हसून हसून पोट दुखलं. या घरात इतकं हसणं खूप दिवसांनी.

९ नोव्हेंबर, रविवार

आज एक नवीन आली. तृप्ती. वडीगोद्रीकडची — म्हणजे जिल्ह्याच्या पार त्या टोकाची. मुद्दाम एवढ्या लांब आणली. महिला पोलीस बाई घेऊन आल्त्या. सोबत लेक ईश्वरी, चार वर्षांची, आईचा पदर सोडत नाही.

मी जेवायला हाक मारली तर तृप्ती वळलीच नाही. मला वाटलं, रागीट दिसते. मंग पोलीस बाई हळूच म्हणाल्या, डाव्या कानाचा पडदा फाटलाय. नवऱ्याच्या हातानं. मी गुपचूप उजव्या बाजूला जाऊन बसले.

मॅडमनी पुन्हा एकदा सगळ्यांना बजावलं — पेटीवर कुणाचं नाव घ्यायचं नाही. "आहे" म्हणायचं नाही आणि "नाही" पण म्हणायचं नाही.

१३ नोव्हेंबर

दुपारी पेटी वाजली. म्हातारीचा आवाज. "मी गोजरबाई. तृप्तीची सासू. नातीला एकदा दाखवा, बाई. लांबून दाखवा."

पत्ता कसा लागला कुणास ठाऊक! मॅडम म्हणतात, लपत नाही कुठंच, गावातल्या कुणीतरी ठाण्यातून काढला असेल.

मी कळ दाबली, थांबले, म्हणाले, "इथं कोण राहतं ते सांगता येत नाही, आजी."

"मी तीन गाड्या बदलून आले, माय."

गच्चीवरून पाहिलं. एकटीच होती. हातात पिशवी. त्यात बहुतेक लाडू. पेटीच्या जाळीला कान लावून उभी, जशी काही त्यातून नात बोलणार आहे. मी तेच वाक्य पुन्हा म्हणाले. ती गेली. पिशवी फाटकाला लावून गेली. मॅडमनी ती आत घेऊ दिली नाही.

१६ नोव्हेंबर

ईश्वरीला रात्रीपासून ताप. अंग नुसतं भट्टी. मी वरूनच संचावर मॅडमला सांगितलं, "ईश्वरीला लई ताप आहे, अंगदभाऊला गाडी काढायला सांगा." अंगदभाऊ आमचे ड्रायव्हर. भोकरदनला दवाखान्यात नेलं. संध्याकाळी बरं वाटलं, पेज प्यायली. जिना उतरावा लागला नाही. ही पेटी म्हणजे सोय झाली, खरंच.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

 लगेच लिहिते.

सकाळी पेटी वाजली. पुरुषाचा आवाज. इतका गोड की मला आधी वाटलं, बँकेतला कुणी आहे. "नमस्कार ताई. मी कल्याण. तृप्तीचा मालक. भांडायला न्हाई आलो. एवढंच विचारायचं होतं — ईश्वरीचा ताप उतरला का?"

मी कळच दाबली नाही. दाबताच येईना.

"पेज पचली का तिला?"

गच्चीवर जाईपर्यंत तो गेल्ता.

तापाचं त्याला कुणी सांगितलं? पेजेचं कुणी सांगितलं?

१९ नोव्हेंबर

घरात कुणी कुणाकडं बघत नाही.

मॅडमनी सगळ्यांचे फोन घेतले. द्वारकाबाईच्या फोनवर अंबडचा, म्हणजे तृप्तीच्या तालुक्याचा, एक नंबर निघाला. तिची लेक तिथं दिली आहे! तरी मॅडमनी उलटसुलट विचारलं. पेज तिनंच केल्ती ना. द्वारकाबाईनं दुपारच्या भाकरी केल्या, ओटा पुसला आणि मागच्या पायरीवर जाऊन बसली. किती वर्षं झाली तिला इथं!

माझ्या मनात वेगळंच आलं. तृप्तीनं मोबाइल लपवला असेल. अशा बायका पाहिल्यात मी, मार खाऊनही चोरून फोन करणाऱ्या. तिची पिशवी बघू का, असं म्हणाले. तिनं स्वतःच पिशवी उपडी केली चटईवर. दोन परकर, लेकीची झबली, कंगवा. "बघा मावशी. तुम्हीबी बघा," म्हणाली.

मेल्याहून मेल्यासारखं झालं. सगळं भरून पिशवी तिच्या हातात दिली.

२० नोव्हेंबर

तृप्ती आज आपणहून बोलली. कपडे वाळत घालताना. मी उजव्या बाजूला होते.

म्हणाली, "मावशी, तो मारायचा ते आता आठवत बी न्हाई नीट. आत्याबाईचं आठवतं. त्या दाराबाहेर बसायच्या. दाराला पाठ लावून. आतून मी ढकलायचे, बाहेरून त्या."

"कशामुळं गं?"

"शेजाऱ्यांनी येऊ नये म्हणून. घरची इज्जत."

मला ती लाडवाची पिशवी आठवली. तेव्हा दया आल्ती. आज आत काहीतरी कडक झालं.

"त्यांनाबी मारायचा," तृप्ती पुढं म्हणाली. "त्या बाहेर न्हाई बसल्या तर त्यांना मारायचा."

मंग मला काय वाटावं तेच कळेना. नुसते कपडे झटकत राह्यले.

२४ नोव्हेंबर, सोमवार

कळलं! कसं कळलं ते जसंच्या तसं लिहिते.

दुपारी संच ओट्यावर ठेवला होता. एकदम त्यातून आवाज — "अरे, स्टेजमागची लाइट गेली! जनरेटरवाल्याला जल्दी पाठव!" मी दचकले. संच उचलून गच्चीवर पळाले. फाटकात चिटपाखरू नाही. पुन्हा आवाज — "नवरदेव आला, नवरदेव आला, गेट खाली करा." मागं बँड.

रोडला पलीकडं लग्नाचं लॉन आहे. आज तिथं लग्न.

खाली गेले तर मॅडम पण संच हातात धरून उभ्या. त्यांनाही तेच ऐकू आल्तं. त्या म्हणाल्या, "बेबीनंदा, त्यांचं आपल्याला ऐकू येतं. मग आपलं..."

दारात तृप्ती उभी होती. तिचा चेहरा पांढराफट. "ह्यांच्याकडंबी असलेच हायेत," ती म्हणाली. "मंडपाचं काम हाय ना ह्यांचं. लॉनवर पोरांच्या कमरेला असतात. आमच्या घरात चार्जिंगला लावलेले असायचे ओळीनं. मला वाटलं, फाटकावरची पेटी म्हंजी येगळं काही."

विचारलंच नव्हतं तिला आम्ही कुणी. नवरा काय करतो, एवढं साधं!

तापाचं कुणी सांगितलं? मी सांगितलं. माझ्याच तोंडानं, माझ्याच हातानं कळ दाबून. पेजेचंही मीच. वरून संचावर मोठ्यानं — "पेज प्यायली हो मॅडम!"

२५ नोव्हेंबर

राधेश्यामभाऊंना फोन लावला. "मी म्हणलं होतं की ताई. हवेतलं बोलणं हाय. ज्याच्याकडं असला संच, त्याला ऐकू येणार."

मॅडमनी विचारलं, "काही कोड वगैरे टाकता येत नाही का?"

"येतो की. पण कोडनं काय होतं, त्यांचा गोंधळ तुमच्याकडं बंद होतो. तुमचं त्यांना ऐकू जायचं बंद होत न्हाई. ही पेटी फाटकासाठी हाय. कोण आलं, थांबा, या. बस. घरातलं बोलायला न्हाई."

मंग मॅडमनी विचारलं, किती लांबून ऐकू येतं.

"मधे झाडं, घरं. कोसभर धरा. त्याच्यावर न्हाई."

मॅडमनी फोन ठेवला. आम्ही दोघी खिडकीतून बाहेर बघत राहिलो. कोसभराच्या आत. म्हणजे तो वडीगोद्रीला नाही. इथंच कुठंतरी बसून आमचं घर ऐकतोय.

संध्याकाळी जेवणाच्या वेळी मॅडम सगळ्यांसमोर उठून द्वारकाबाईजवळ गेल्या. "माझं चुकलं," म्हणाल्या. बाकी काही नाही. द्वारकाबाई भाजी वाढत होती. तिनं पळी खाली ठेवली, डोळ्याला पदर लावला आणि पुन्हा वाढायला लागली.

मी तृप्तीला म्हणाले, माझंही चुकलं. ती म्हणाली, "असू द्या. तुम्ही पिशवी उचलून तर दिली परत."

३० नोव्हेंबर

आता घरात संचावर बोलायचं बंद. काही सांगायचं तर जिना. दिवसभर वर-खाली, गुडघे बोलून राह्यलेत.

रोडच्या पलीकडं रसवंतीचं शेड आहे. सध्या बंद, फक्त पत्रे. त्याच्या आडोशाला एक पांढरी पिकअप उभी असते. पोलिसांची गाडी आली की नसते. गेली की असते. पोलीस बाई म्हणाल्या, रोडला गाडी लावणं हा काही गुन्हा नाही. ऐकून राह्यलाय हे सिद्ध कसं करणार?

तृप्ती ईश्वरीला अंगणात खेळू देत नाही. पोरगी खिडकीला नाक लावून बसते.

६ डिसेंबर, शनिवार

पहाटेच्या एसटीनं हसनाबादला गेले. आईकडं. आई वाळलीय नुसती, पण पांढरं लुगडं नेसून माझ्याआधी विहारात जाऊन बसल्ती. बाबासाहेबांना वंदन केलं. पंचशील घेतलं. सगळं म्हणाले. चौथं शील म्हणताना, खोटं बोलणार नाही, आवाज जरा मोठाच निघाला माझा. का कुणास ठाऊक.

आई म्हणाली, "वाळलीस." मी म्हणाले, "तू पण." दोघी हसलो.

९ डिसेंबर, मंगळवार

पोलीस बाई साध्या साडीत आल्या, मागच्या बाजूनं, बांधावरून चालत. ऑफिसचं दार लावून बसलो. त्या, मॅडम, तृप्ती आणि मी.

त्या म्हणाल्या, "तुम्ही बोलता ते त्याला ऐकू जातं ना? बराबर. मंग त्याला काय ऐकू द्यायचं ते आपण ठरवू." परवा तृप्तीची अंबडला तारीख आहे, सकाळी अकरा वाजता तिला पुढच्या फाटकानं काढायचं — असं मी संचावर बोलायचं. कोर्टाची खरी तारीख बावीसची. तो आला की त्या बघून घेतील. तृप्ती मागच्या खोलीत राहील, बाहेर येणारच नाही.

"म्हणजे खोटं बोलायचं," मी म्हणाले.

तीन दिवस झाले नाहीत शील घेऊन! तृप्ती म्हणाली, "नका बोलू मावशी. राहू द्या. मला सवय हाय."

सवय हाय. पंचविशीतली पोरगी.

"बोलते," मी म्हणाले.

१० डिसेंबर

बोलले. कळ दाबली, एक श्वास थांबले. "मॅडम, उद्या तृप्तीची अंबडला तारीख आहे. अकराला पुढच्या फाटकानं काढू. गाडीत पाणी ठेवा."

"ठीक आहे," मॅडम म्हणाल्या. आवाज कसा अगदी रोजचा!

पाण्याचं मी माझ्या मनानं घातलं. खरं वाटावं म्हणून.

११ डिसेंबर, गुरुवार

झालं. सगळं लिहून काढते, नाही तर डोक्यातून जाणार नाही.

सकाळपासून फाटकाशेजारच्या तुरीत दोन शिपाई बसून. तूर डोक्याएवढी, बाहेरून काही दिसत नाही. पोलीस बाई भिंतीच्या आतून, फाटकाच्या बाजूला. मला सांगितलेलं — गच्चीवर राहायचं, संच हातात, लाल कळ दाबायची नाही. काही झालं तरी नाही.

अकराच्या सुमाराला पेटी वाजली. मला त्याच्या आवाजाची धास्ती. तर गोजरबाई! "दार उघडा, बाई. नातीला बघते अन् जाते. आज तिला अंबडला नेणार म्हणं. तेवढ्यात बघते."

कोपऱ्यावरून वाकून पाहिलं. गोजरबाई पेटीसमोर उभी. आणि तिच्या मागं, खांबाच्या आडोशाला, भिंतीला टेकून खाली बसलेला तो. पांढरा शर्ट. मांडीवर गोणपाट. फाटक उघडलं की दोन ढांगांत आत.

गप्प बसवेना. तिला तिथं थांबवून धरायचं होतं ना! कळ दाबली आणि बोलतच सुटले. "आजी, थांबा हं, चावी बघून राह्यले, थांबा, मॅडम येऊन राह्यल्या, तुम्ही तिथंच थांबा, आत्ता उघडते, घाई करू नका, थांबा आजी..."

तेवढ्यात त्यानं मांडीवरचं गोणपाट बाजूला केलं. खाली डबा. गोजरबाईनं मागं वळून पाहिलं. तिनं तो डबा तेव्हाच पाहिला असावा, कारण ती दगडासारखी थांबली. मंग पेटीकडं वळली. बटणावर दोन्ही हात. तोंड उघडत होतं, मिटत होतं. वरून सगळं दिसत होतं. ऐकू मात्र काहीच येत नव्हतं. मला वाटलं, पेटी बिघडली! मी आणखी जोरात बोलायला लागले.

आणि एकदम लक्षात आलं. माझाच अंगठा. कळ मीच दाबून धरलेली.

सोडली.

"...नका! उघडू नका, बाई! डबा हाय ह्याच्याकडं! पेट्रोल हाय! उघडू नका, माझ्या नातीला जाळल, उघडू नका, उघडू नका..."

तो उठला. त्यानं तोच डबा तिच्या तोंडावर मारला. ती पेटीला धरूनच खाली बसली. पेट्रोल तिच्या लुगड्यावर, फाटकावर, मातीत. त्याच्या दुसऱ्या हातात लायटर होतं. शिपाई तुरीतून आले, पोलीस बाई भिंतीवरून कशा उतरल्या मला कळलंच नाही. मनगट पिरगाळलं, लायटर लांब फेकलं. "पेटीला हात लावू नका कुणी! ठिणगी उडल!" त्या ओरडल्या. अंगदभाऊंनी वाळू आणून टाकली.

तो जाताना वर बघत होता. माझ्याकडं. तोच गोड आवाज — "ताई, तुम्ही खोटं बोलल्या."

हो. बोलले.

गोजरबाईच्या तोंडातून रक्त येत होतं. द्वारकाबाईनं तिला फाटकाच्या बाहेरच पाणी दिलं, लुगडं बदलायला आपलं पातळ दिलं. म्हातारी एकच म्हणत होती, "मला म्हणला, नातीला भेटवतो. मला म्हणला, तू फकस्त बोल." पोलीस जीपमध्ये बसताना तिनं वर, खिडक्यांकडं पाहिलं. पण नातीला दाखवा म्हणाली नाही. आज नाही म्हणाली.

मागच्या खोलीत गेले. तृप्तीनं लेकीचे कान दाबून धरले होते. मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आत्याबाई म्हणल्या? उघडू नका म्हणल्या?"

"हो."

"त्याच्यासमोर?"

"त्याच्यासमोर. किती तरी वेळा. मीच ऐकत नव्हते."

ती भिंतीकडं तोंड करून बसली. रडली का ते मी बघितलं नाही.

१२ डिसेंबर

अंगात कणकण. अंगठा दुखतोय. फाटकाला अजून वास येतो.

२२ डिसेंबर, सोमवार

कोर्ट. आज खरंखुरं. कल्याणला जेलमधून आणलं नव्हतं. तृप्तीला संरक्षणाचा आदेश मिळाला, लेक तिच्याकडंच.

व्हरांड्यात समोरच्या बाकावर गोजरबाई बसल्ती. द्वारकाबाईचंच पातळ, धुऊन नेसलेलं. लेकाच्या विरोधात जबाब लिहून दिला म्हणे तिनं. अंगठा उठवला. भावकीनं बोलणं टाकलंय. सोबत कुणी नव्हतं. दोन बाकांच्या मधे जेमतेम दोन हात जागा. तृप्ती सगळा वेळ जमिनीकडं बघत राहिली. ईश्वरी मात्र "आजी!" म्हणून एकदा ओरडली. म्हातारीनं हात वर केला, अर्धाच, आणि मांडीवर ठेवून दिला.

गाडीत तृप्ती म्हणाली, "मला त्यांची दया येत न्हाई, मावशी. यायला पाहिजे का?"

मी म्हणाले, "नाही येत तर नाही."

२८ डिसेंबर

मॅडम म्हणतात, संच सगळ्यांना वापरता यायला पाहिजे, मी आजारी पडले तर? आज सगळ्यांना शिकवलं. आता मीच राधेश्यामभाऊ झाले! बायका हसत होत्या. तृप्ती लांबच उभी. संच पुढं केला तर तिनं हात मागं घेतला. "त्याच्यात तो बसलाय असं वाटतं."

मी जबरदस्ती केली नाही.

९ जानेवारी

थंडी. ईश्वरी अंगणात खेळते आता. आज तुरीच्या शेंगा खाऊन पोट दुखलं तिचं. हे कुणालाही संचावर सांगितलं नाही!

१६ जानेवारी, शुक्रवार

पोलीस बाईंचा निरोप. जामीन झाला त्याला. आमच्या भोकरदन तालुक्यात पाय ठेवायचा नाही, अशी अट आहे. कागदावरची अट. तृप्तीनं ऐकलं, भाजी निवडत राहिली. कोथिंबिरीची एकेक काडी.

१९ जानेवारी, सोमवार

सकाळी पेटी वाजली. बराच वेळ नुसता श्वास. मंग — "मी गोजरबाई." गच्चीवरून नीट पाहिलं. मागं कुणी नाही, रोडला गाडी नाही. पायात चप्पल नाही. उजवा हात पदरानं गळ्यात बांधलेला, कोपरापाशी वाकडा.

"नातीला बघायला न्हाई आले, बाई. मला राहायला जागा पाहिजे."

मॅडम आणि तृप्ती दोघी वर आल्या. मॅडम म्हणाल्या, "तृप्ती, तू नको म्हणालीस तर मी आत्ताच्या आत्ता दवाखान्यात नेते आणि जालन्याला दुसरीकडं सोय करते. तुझ्यावर काही नाही." तृप्ती कोपऱ्यावर जाऊन खाली बघत राहिली. खूप वेळ. मंग आली आणि माझ्या हातातून संच घेतला. उजव्या कानाशी धरला. लाल कळ दाबली. फाटकाचं कुलूप वाजलं. मंग बोलायची कळ दाबली, एक श्वास थांबली.

"ढकला, आत्याबाई. आतून कुणी धरलेलं न्हाई."